हे पत्र खाजाचं नव्हे

लातूर,
१२ ऑगस्ट २०२४

खाजा,

नमस्कार लिहिणार न्हाई. रमजान ईद झाली, बकरी ईद झाली, आषाढ सरला, तरी तुझ्या पत्राचा पत्ता न्हाई. असल्या माणसाला नमस्कार कशाला? आमच्या गल्लीतला पोस्टमन सायकल न थांबवताच मान हलवून पुढं जातो. मला वाटतं, कंधारातल्या टेलराची सुई बोटात घुसून बसली असावी.

फोन कर म्हणू नकोस. कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, आणि पलीकडून कोण बोलतंय ते सून तनुजाच मला ओरडून सांगते. मग भांडण तुझं-माझं होत न्हाई, तिचं-माझं होतं.

तर कारण ऐक. नातू सत्यम दिवाळीला पुण्याहून गाडी घेऊन येणार आहे. म्हणाला, "आजोबा, एखादी जुनी राजधानी दाखवा. हैदराबादला जाऊ." मी म्हणालो, हैदराबाद कालची पोर! हजार वर्षांमागं राष्ट्रकूटांची राजधानी होती ती आमच्या कंधारला. हां, पण मूळ घराणं लातूरचं. हे मी सत्तर वर्षं सांगून राहिलो आणि तू सत्तर वर्षं शिव्या घालून ते खोडून राहिला. राजा आमचा, तुमच्याकडं नुसता भाड्यानं राहायला आला होता.

तर आता सांग, राजधानीत आज बघण्यासारखं काय उरलंय? मी एसटीतून बदली होऊन इथं आलो त्याला जमाना झाला. गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर तर ओसरीच माझा मुलूख झाली. डोळे मिटले की खंदकाचं हिरवं पाणी दिसतं, आणि काठावर उभे असलेले आपले चंद्रप्पा गुरुजी, हातात छडी, तोंडात स्वतःची कविता:

भग्न तटाच्या भेगेमधुनी पिंपळ काढी पान,
राजे गेले, वारा येथे अजून गातो गान.

या ओळी आल्या की उलटटपाली काय पाठवायचं असतं ते तुला ठाऊक आहे. वाट बघतो.

तुझा,
भुजंग


कंधार,
२ सप्टेंबर २०२४

प्रिय मित्र भुजंगराव यांना नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. फार आनंद झाला. उत्तराला उशीर झाला, माफी असावी. हाताला मुंग्या येतात म्हणून नात कहकशां लिहून देत आहे.

आपण राजधानीबद्दल विचारलं. मी मुद्दाम किल्ला बघून आलो. खंदकात या वर्षी पाणी बरं आहे. कडेला हिरवं, मधे काळं. दरवाजातून आत पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन उंबऱ्यावरच थांबतं, आत येत नाही. भिंतीला हात लावला तर ती माठासारखी गार. दरवाजे एका रेषेत नाहीत, वळून वळून जावं लागतं. दुश्मनाला अडवायला तसं केलंय म्हणतात. पण डोक्यावर हंडा असलेल्या बाईचं काय होत असेल, तिलाही प्रत्येक वळणावर थांबावं लागत असेल.

राणीमहालापाशी बराच वेळ उभा राहिलो. छत बरंच गेलंय. खिडक्या सुंदर आहेत. पण स्वयंपाक कुठं होत होता ते कळलं नाही. चूल कुठं, धूर कुठून जायचा, कोणी सांगत नाही. पाटीवर फक्त राजांची नावं आहेत.

सत्यमला जरूर आणा, पण दिवाळीत गर्दी असते, उन्हाळ्यात ऊन असतं. सवडीनं बघू. कविता छान आहे. गुरुजींची आठवण झाली.

आपला,
खाजा


लातूर,
११ सप्टेंबर २०२४

खाजा (असशील तर),

तुझं पत्र चष्मा पुसून पुसून वाचलं. तनुजा म्हणाली, "बाबा, किती सुंदर लिहिलंय काकांनी!" मी म्हणालो, तेच तर! खाजा सुंदर लिहीत न्हाई. खाजा टोचून लिहितो.

पहिली गोष्ट, 'भुजंगराव' कोण? पाचवीच्या वर्गात माझ्या सदऱ्याला तुझ्या सदऱ्याशी टाचणारा तू, मला राव लावायला कधीपासून लागलास? लग्नात माझ्या सासऱ्यासमोरसुद्धा तू मला भुजंग्याच म्हणालास.

दुसरं. मी लातूरला वर चढवलं आणि तू गप्प? मागच्या खेपेला एवढंच लिहिलं होतं तर तू चार पानं शिव्या धाडल्या होत्या, समासात सुद्धा.

तिसरं. अख्ख्या पत्रात कापड न्हाई. तू कुणाच्या मयतीला गेलास तरी कुणाची बाही आखूड होती ते कळवतोस. आणि किल्ल्यात एकही माणूस भेटला न्हाई, ज्याची कॉलर तिरपी होती? उलट तू चूल शोधून राहिला. जन्मात कधी चुलीपाशी गेलास का रे? तहान लागली तर उठायचं सोडून भाभींना हाक मारणारा तू, तुला हंड्याची काळजी कधीपासून?

आणि 'कविता छान आहे'? खाजा, हे तीन शब्द वाचून मी पाकीट उलटून पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा तपासलं.

सत्यमला फोनवर सांगितलं. तो हसला. म्हणतो, "आजोबा, आता मोबाईलला विषय दिला की तोच पत्र लिहून देतो. खाजाआजोबांच्या घरी कुणीतरी तसं केलं असंल." मग मला रात्रंदिवस तेच. माझा मित्र माझ्याशी बोलायचा कंटाळला आणि त्यानं मला यंत्राच्या हवाली केलं? की तुझ्या लेकाला, अबुजरला वाटतं, म्हाताऱ्याला काहीतरी लिहून टाका, गप्प बसंल?

म्हणून परीक्षा घेतो. ड्रिलचा तास चुकवून आपण कुठं बसायचो, तिथून काय दिसतं? आणि क्षेत्रपालाच्या त्या भग्न मूर्तीचं नुसतं एक पाऊल माणसाएवढं आहे, त्याच्यापाशी उभं राहून तू काय बोलला होतास? खोटं बोललास तर ओळखीन. एसटीत इतकी वर्षं तिकीट तपासनीस होतो, बिनतिकिटाचा चेहरा दुरून कळतो.

भुजंग


कंधार,
१ ऑक्टोबर २०२४

भुजंग्या,

राव चुकून पडलं. कहकशां लहान आहे, तिला मोठ्यांना राव लावायची सवय. तू लई शाणा आहेस. लातूर म्हणजे नुसती धूळ आणि क्लासेसच्या पाट्या. झालं समाधान?

मी मोबाईल नाही. मोबाईलला पायऱ्या चढता येत नाहीत. मी चढून आलो. चपला हातात घेतल्या, भिंतीला धरून धरून, एकेका पायरीवर बसत. पायऱ्या फार उंच आहेत. ज्यांनी बांधल्या त्यांना वाटलं असेल, इथं फक्त सैनिकच येणार.

तलावाच्या बाजूच्या बुरुजावर आपण बसायचो. तिथं वारा एवढा की डोक्यावर काही ठरत नाही. जगत्तुंग तलाव ताटात पाणी ओतल्यासारखा दिसतो. दर्ग्याकडचा रस्ता, बसस्टँड, शाळेचे पत्रे. लहान पोरं खाली आरडत होती, त्यांचा आवाज उशिरा वर येतो.

आणि एक गोष्ट बघून मी खालीच बसलो. तिथून आपल्या घराचं मागचं अंगण दिसतं! पेरूचं झाड, धुण्याचा दगड, दोरीवर वाळत घातलेली चादरसुद्धा. इतकी वर्षं या गावात, आणि वरून आपलं अंगण कुणालाही असं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. काय काय दिसलं असेल लोकांना!

क्षेत्रपालाच्या पावलापाशीही जाऊन आलो. मी म्हणालो असेन, या पावलाला चप्पल शिवायला किती चामडं लागेल. किंवा असं म्हणालो असेन, की एवढ्या थोर देवाचं पाऊलच राहिलं, तर आपल्यासारख्यांचं काय राहील.

तू दिवाळीला येऊ नकोस. घराची रंगरंगोटी चालू आहे. पण पत्र लिही. लवकर लिही. हवं तेवढं भांड. वाट बघतो आम्ही.

खाजा


लातूर,
९ ऑक्टोबर २०२४

हे पत्र लिहिणाऱ्यास,

आपण कोण ते मला ठाऊक नाही, म्हणून आता अहो-जाहो लिहितो.

आपण खाजा नाही.

त्या पावलापाशी खाजा चपलेचं बोलला नव्हता. तो आठवीत होता, बापाच्या दुकानातली टेप खिशात घेऊन फिरायचा. त्यानं पाऊल मापलं, जमिनीवर काडीनं आकडे मांडले आणि म्हणाला, "याच्या पायजम्याला सगळ्या पेठेचं कापड लागतंय, आन् उधार मागितलं तर बाप मला मारतोय." आणि देवाचं पाऊल बघून उसासे टाकायचं काम त्या वेळी मी करत होतो, तो नव्हे. जन्मभर मीच केलं.

पण ते सोडा. माणूस विसरतो. बुरूज मात्र खाजा विसरणार नाही.

त्या बुरुजावरून त्याचं अंगण दिसतं हे त्याला माहीत नव्हतं? अहो, त्याच्यासाठीच तर तो तिथं जायचा! लग्न नवीन होतं. मी कंधार डेपोला होतो. शुक्रवारी दुकान बंद ठेवून नमाज झाली की मला ओढत वर न्यायचा. मी तलावाकडं तोंड करून गुरुजींच्या कविता म्हणायचो, आणि हा पाठ फिरवून खाली बघत बसायचा. खाली भाभी धुणं वाळत घालत असायच्या. एकदा मी म्हणालो, अरे, घरी जाऊन बघ की, तुझीच बायको हाय. तर म्हणाला, "घरी अम्मी असती, अब्बा असतेत. नजर वर करता येत न्हाई." आणि मग, हसू नका, असं म्हणाला, "भुजंग्या, दुनिया इथं राजधानी बघायला येती. माझी राजधानी तिथं खाली चादर झटकून राहिली."

आयुष्यभर मी कविता पाठ केल्या, आणि कविता म्हणून गेला तो.

हे त्यानं मला कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. आज मोडली, कारण मला भीती वाटून राहिली. 'वाट बघतो आम्ही' असं आपण लिहिलंय. एकट्या खाजानं 'आम्ही' लिहिलं नसतं. मला येऊ नका म्हणता, पण पत्र लवकर लिहा म्हणता. मेलेल्या माणसाच्या नावानं कुणी पत्रव्यवहार चालवतं का? का चालवावा? तनुजा म्हणते मी संशयी झालोय. झालोय. माझ्या वयाच्या माणसाला पोस्टमन दिसला की आधी मयतीची बातमी आणणारं, कोपरा फाटलेलं कार्ड दिसतं.

एवढंच सांगा, खाजा आहे का?

सांगा किंवा नका सांगू, दिवाळीआधीच्या शनिवारी सत्यमला घेऊन मी येतो आहे. रंगरंगोटी चालू असली तर ब्रश हातात घेईन.

भुजंग


कंधार,
१६ ऑक्टोबर २०२४

भुजंगभाऊ,

मी फरीदा. तुमची भाभी. अक्षर माझंच आहे. कहकशां तर नांदेडला हॉस्टेलात असते, तिला यातलं काही माहीत नाही. मी मुखेडच्या शाळेत सातवीपर्यंत मराठी शिकले, त्यानंतर किराण्याची चिठ्ठी सोडून काही लिहिलं नव्हतं. चुका झाल्या असतील.

आधी ते, जे तुम्ही विचारलं. तुमचे दोस्त आहेत. खुदाची मेहेरबानी, आहेत. रमजान ईदनंतरच्या आठवड्यात लकवा मारला. उजवी बाजू गेली, जबान गेली. डावा हात हलतो. नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, जगतील, पण किती समजतं ते सांगता येत नाही. अबुजर तुम्हाला कळवणार होता. मी हात धरला त्याचा.

का, ते सांगते. घरी जो येतो तो पलंगापाशी उभा राहून च्‌ च्‌ करतो. त्यांच्यासमोरच विचारतो, "खातात का? ओळखतात का?" जसं सामान पडलंय. मग तुमचं पत्र आलं. मी मोठ्यानं वाचलं. तुम्ही नमस्कारच केला नव्हता, सुई बोटात घुसली म्हणून लिहिलं होतं. अख्ख्या गावात तुम्ही एकटे त्यांच्याशी भांडत होता. वाचताना मला वाटलं, त्यांचा डोळा चमकला. अबुजर म्हणतो, "अम्मी, वहम आहे तुझा." असेल वहम. पण तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्हीही 'प्रकृतीची काळजी घ्या' लिहिलं असतं. मग कोण भांडणार होतं?

म्हणून मी खाजा झाले. पण तुम्ही किल्ल्याचं विचारलं, आणि मी तर कधी आत गेलेच नव्हते. हसू नका. पन्नासच्या वर वर्षं झाली या गावात येऊन, रोज सकाळी तट दिसतो, पण आपल्या गावचं आपण बघायला जात नसतो. पाहुणे आले की माणसं किल्ला दाखवायला जायची, बाया मागं जेवण करायच्या. शेजारच्या केवळाबाईंना यांच्यापाशी बसवलं आणि गेले. तुम्ही लिहिलं चूल का शोधली. भाऊ, दुसरं काय शोधणार? तलावाकडच्या बुरुजाचं नाव यांच्या तोंडून ऐकलं होतं, दुसऱ्या पत्राला तोच चढले. केवळाबाई म्हणाल्या, "फरीदा, या वयात कुणासाठी ग मरून राहिलीस?" मी म्हणाले, यांच्या दोस्तासाठी.

आता हे पत्र. 'राजधानी तिथं खाली' ते मी वाचलं आणि पुढं वाचता येईना. त्यांना विचारलं, "खरं आहे का जी हे?" त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी काय समजू? समजलं म्हणून फिरवलं, की उजेड डोळ्यावर आला म्हणून? कधी एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी असा. आता विचारायला गेले तर जबान नाही.

एक काळजी वेगळीच आहे. तुमच्या पत्रातल्या त्या दोन कवितेच्या ओळी मला आवडल्या म्हणून रोज सकाळी त्यांना म्हणून दाखवते. तेव्हाच नेमकं त्यांचा कान दुखतो. डावा हात उचलून कान गच्च धरतात. मी कोमट तेल घालते. इथल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं, म्हणाले, कान साफ आहे. तरी सकाळी पुन्हा तसंच. कविता वाचायची बंद करू का?

शनिवारी या. पण रडका चेहरा घेऊन येऊ नका. भांडायला येणार असाल तरच या.

तुमची भाभी,
फरीदा


लातूर,
१९ ऑक्टोबर २०२४

भाभी,

तेलाची बाटली फडताळात ठेवून द्या.

तुमचं पत्र वाचून मी ओसरीत किती वेळ बसलो ते तनुजाला विचारा. आधी रडलो. मग शेवटचा भाग वाचला आणि इतका मोठ्यानं हसलो की ती पळत बाहेर आली, तिला वाटलं बाबांनाही काही झालं.

सांगतो. चंद्रप्पा गुरुजी खंदकापाशी उभं करून ती कविता म्हणून घ्यायचे. मी अगदी सुरात म्हणायचो. खाजा माझ्या मागं उभा राहून दुसरी ओळ बदलायचा:

राजे गेले, गुरुजी येथे अजून धरती कान.

आणि लगेच गुरुजी त्याचा कान धरायचे. रोजचं झालं. पुढं पुढं गुरुजी यायच्या आधीच तो स्वतःचा कान स्वतः धरून उभा राहायचा, सगळा वर्ग हसायचा, गुरुजींनासुद्धा मिशीत हसू यायचं. तेव्हापासून मी पत्रात गुरुजींच्या ओळी लिहायच्या आणि उलटटपाली त्यानं ती ओळ बिघडवून पाठवायची, हा आमचा रिवाज. तुम्ही 'कविता छान आहे' लिहिलंत, तिथंच मला कळायला पाहिजे होतं की हा माणूस दुसरा आहे.

भाभी, त्यांचा कान दुखत नाही. ते उत्तर देऊन राहिलेत. रोज सकाळी. आणि तुम्ही रोज त्या उत्तरात तेल ओतून राहिलात.

आता भिंतीकडं तोंड का फिरवलं तेही समजून घ्या. तो लाजला. एवढंच.

अबुजरला आणि नांदेडच्या डॉक्टरांना हे सांगा. आता पुढचं त्याला मोठ्यानं वाचून दाखवा.

खाजा, हरामखोरा,

एवढे दिवस बायकोला किल्ले चढायला लावून तू पलंगावर लोळून राहिलास? शनिवारी येतोय. तुझी कॉलर सरळ असू दे. सत्यमला राजधानी दाखवायची आहे, आणि गाईड भाभी असतील, तू न्हाईस. तुला किल्ल्यातलं काय कळतं? इतक्या वर्षांत चुलीची जागा तरी शोधलीस का? माझा गुडघा बुरुजापर्यंत चढणार न्हाई. आपण दोघं खाली अंगणात बसू, पेरूखाली. भाभी आणि सत्यम वर जातील. या वेळी त्या वरून बघतील आणि आपण खाली दिसू. चादर झटकायचं काम तुझ्या डाव्या हाताला देतो.

राजा लातूरचाच होता. हाय हिंमत तर खोडून दाखव.

भग्न तटाच्या भेगेमधुनी पिंपळ काढी पान,
राजे गेले, वारा येथे अजून गातो गान.

भुजंग्या


कंधार,
२२ ऑक्टोबर २०२४

भुजंगभाऊ,

कार्डावर जागा कमी म्हणून थोडक्यात.

अबुजरला समोर बसवून वाचलं. शिव्या आल्या तेव्हा यांच्या तोंडातून आवाज आला. अबुजर दचकला. लातूरचं आलं तेव्हा डावा हात पलंगावर आपटला.

मग त्या दोन ओळी म्हटल्या. हात वर आला. तेल आणायला उठले नाही, तशीच जवळ बसून राहिले. त्यांनी स्वतःचा कान धरला नाही.

माझा धरला.

शनिवारी लवकर निघा. बुरुजावर ऊन चढायच्या आत गेलेलं बरं.

फरीदा